कशानं किती जागा खाल्ली

दसऱ्याच्या आधी आठ-दहा दिवस समुद्रपूरहून गिरडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची खालची बोंडं उकलायला लागलेली असतात. वरची अजून हिरवी, मधली टणक, आणि तळाशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, पांढरे ठिपके. दरवर्षी मी तिथं कुठंतरी मोटरसायकल थांबवतो, एक झाड निवडतो आणि बोंडं मोजतो. यंदाच्या झाडाला एकेचाळीस होती, त्यातली सहा फुटलेली. एक फुटलेलं बोंड नाकाजवळ नेलं. कापसाला वास नसतो असं शहरातली माणसं म्हणतात. त्यांनी कापूस मूठभर पाहिलेला असतो, घरभर पाहिलेला नसतो.

माझ्या सातवीच्या वर्षी कापूस आमच्या घरी राहायला आला.

राहायला आला असंच म्हणायला हवं, कारण तो जागचा हलला नाही, हललो आम्ही. त्या वर्षी पीक असं काही आलं की वेचणी संपता संपेना, आणि खरेदी केंद्र उघडण्याचा दिवस पुढं पुढं जात राहिला. गावात कोठार कोणाकडेच नव्हतं. कापूस घरात भरायचा, ही रीतच होती. आधी मागची खोली भरली, मग मधली. मग पुढच्या खोलीत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट सोडून बाकी सगळा कापूस, थेट छपराच्या कवेलूंखालच्या लाकडांना टेकलेला. बाहेर पौषातली थंडी, आणि आत मात्र ऊब, कोणीतरी अंगावर सतत श्वास सोडत असल्यासारखी. त्या उबेला वास होता. उन्हाचा, काळ्या मातीचा, सरकीतल्या तेलाचा. लाल किडे मानेवरून फिरायचे, नाकात तंतू जायचे, आणि घरातलं कोणी ना कोणी सतत शिंकत असायचं.

आग घरातून हद्दपार झाली. चूल अंगणात गेली. पाहुणा आला की बाबा फाटकातच विचारायचे, "बिडी हाये का खिशात?" असली तर बिडी कुंपणाच्या भिंतीवर राहायची आणि पाहुणा आत यायचा. देवाच्या कोनाड्यापर्यंत माय कापसावरून रांगत जायची, फूल वाहायची आणि तशीच रांगत परत यायची. दिवा लावायची सोय नव्हती, महिनाभर देव अंधारात. मी विचारलं तर म्हणाली, "देवाले का समजत नाई? त्यानंच तर पिकवला एवढा."

अभ्यासाला जागा उरली नव्हती. मी ढिगावर चढायचो आणि आढ्याखाली पालथा पडून वाचायचो. कवेलूंच्या एका फटीतून उन्हाचा पट्टा वहीवर पडायचा आणि सरकत जायचा. मी वही घेऊन त्याच्यामागे सरकायचो. गणितं सोडवायला इतकी चांगली जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

एका दुपारी अजून दोन बंड्या, म्हणजे दोन बैलगाड्या भरून, कापूस वावरातून निघाला, आणि बाबा दारात उभे राहून आत पाहत राहिले. मग मला हाक मारली. "विज्या, मोज बरं. कशानं किती जागा खाल्ली?"

मी दोरीला हाताहातावर गाठी मारल्या आणि घर मोजलं. मधली खोली बारा हात लांब, आठ हात रुंद, म्हणजे शहाण्णव चौरस हात. त्यातले एकवीस हात कापसानं खाल्लेलेच नव्हते. तिथं मोडकी खाट होती, पत्र्याची दोन रिकामी पिंपं होती, आणि एका भिंतीला मायची मडक्यांची उतरंड होती, एकावर एक सात-सात मडकी, सगळी रिकामी. मी आकडा वाचून दाखवला. बाबांनी मायकडे पाहिलं.

"हे मडके कायले?"

"लग्नाले लागते."

"कोनाच्या लग्नाले?"

"कोनाच्याई," माय म्हणाली. "लग्न का सांगून येते?"

उतरंड अंगणात गेली, पिंपं गोठ्यात गेली. मग आम्ही भावंडं पाय धुऊन कापसावर चढलो आणि तुडवायला लागलो. बाबांनी आधी भिंतीवर कोळशानं रेघ मारून ठेवली होती. तासाभरात ढीग त्या रेघेखाली दीड हात उतरला. मी तर वेडाच झालो. तेवढाच कापूस, तेवढंच वजन, आणि जागा दीड हात कमी! कोपऱ्यात बैलांसाठी आणलेल्या सरकीची चार पोती होती. त्याच भरात मी त्यांच्यावरही उड्या मारायला लागलो. बराच वेळ. पोती बोटभरही खाली गेली नाहीत.

"उतर खाली," बाबा म्हणाले. "कापूस बसते गा, सरकी नाई बसत. पाय मोडन."

या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. यंदा ती का आठवली, ते सांगतो.

मी शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेत राहतो आणि घरूनच वेबसाइटची कामं करतो. दुकानदारांची, दवाखान्यांची, एखाद्या मंगल कार्यालयाची. शेती गावी मोठा भाऊ आणि शोभावहिनी पाहतात, त्यातही कपाशी मुख्यतः वहिनी. गेल्या वर्षी आमच्या शिवारात गुलाबी बोंडअळी आली. ही अळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, फोडलं की आत काळपट चिखल. एकदा आत शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तिचं पाखरू यायला लागलं की तेव्हाच ओळखावं लागतं. त्यासाठी वावरात काठीला सापळे टांगतात. वर टोपी, खाली लांब पिशवी, आत मादीच्या वासाची गोळी. नर पाखरं त्या वासानं येतात आणि पिशवीत पडतात. रोज सकाळी पिशवीतली पाखरं मोजायची. आकडा सलग तीन दिवस ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, की सगळ्यांनी एकाच दिवशी फवारणी करायची. एकटीनं करून उपयोग नाही, कारण पाखराला धुरा, म्हणजे वावराची हद्द, कळत नाही. ते तुमच्या वावरातून उठतं आणि शेजारच्या वावरात बसतं.

वहिनीनं लागून लागून असलेल्या वावरांच्या, स्वतःला धरून, चौदा बायांना यासाठी तयार केलं. चौदा बाया, अठ्ठावीस सापळे. आधी त्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहीत, पण चिठ्ठ्या एकत्र व्हायला चार-पाच दिवस लागत. फोनवरच्या ग्रुपवर टाकून पाहिलं, तर सुप्रभातच्या फुलांमध्ये आकडे हरवून जात. मग मीच म्हणालो, मी एक वेब पान बनवून देतो. वावरात सापळ्याजवळ उभं राहूनच उघडायचं, गाव निवडायचं, नाव निवडायचं, दोन आकडे टाकायचे. पाच दिवस खपून मी ते बनवलं आणि घरी नीट तपासलंही. घरी म्हणजे पिपरी मेघेत, जाड तारेच्या इंटरनेटवर.

बुधवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, तुमचं पान गोल गोल फिरून राह्यलं."

"किती वेळ फिरतं?"

"मी का घडी लावून बसली? पाखरं मोजाले आली इथं." मागून बायांचं हसणं ऐकू आलं. "ही ताराबाई काय म्हणते आयकता का? म्हणते, शोभे, तुह्या दिराचं पान उघडेपर्यंत पिशवीतल्या पाखराले नातू होते."

ताराबाई म्हणजे वहिनीच्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजारीण, वयानं वहिनीपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आणि तोंडानं त्याहून पुष्कळ मोठ्या. मी हसलो. पण वहिनी हसत नव्हती. ती थोडी बाजूला गेली असावी, कारण आवाज एकदम जवळ आला.

"भाऊजी, ह्या बाया माह्या शब्दावर आल्या. आता म्हणते, रविवारपर्यंत पाहू, नाई तर देऊ सोडून. एकदा सोडलं ना, मंग पुढच्या वर्षी मी कितीकई म्हटलं तरी कोनी येनार नाई. अन् अळी तर येनारच हाये."

त्या शिवारात फोनच्या रेंजची एक काडी दिसते, तीही वारा असेल तशी. मागं एकदा मी तिथं वेग मोजला होता. सेकंदाला वीस किलोबाइट. मला तो आकडा माहीत होता आणि तरीही मी तो वापरला नव्हता. याची लाज मला अजून वाटते.

वेब पान उघडतं तेव्हा फोनमध्ये नुसतं पान येत नाही. ते चालवायला लागणाऱ्या जावास्क्रिप्टच्या सगळ्या सूचना एका गठ्ठ्यात बांधून येतात. आमच्या कामात त्याला बंडल म्हणतात. त्यात आपण लिहिलेलं थोडं असतं, आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं, आपण सोयीसाठी उचलून आणलेलं पुष्कळ. त्या गठ्ठ्यात काय काय आहे ते मोजून नकाशा काढून देणारं एक साधन मिळतं. पडदाभर एक मोठा चौकोन, त्यात लहान-मोठे चौकोन. ज्याचं आकारमान जास्त, त्याचा चौकोन मोठा. इतकी वर्षं हे काम करून मी ते कधी चालवलं नव्हतं. कधी गरज पडली नव्हती. गुरुवारी सकाळी चहा निवायच्या आत चालवलं आणि पुढचा तासभर खुर्चीतून उठलो नाही.

काय दिसलं ते कसं सांगू! स्वतःच्या घराचं छप्पर उचलून वरून आत पाहिल्यासारखं. एकूण २३८० किलोबाइट. त्यातले ६१० आलेख काढणाऱ्या सामानानं व्यापलेले. ४८० तारखांनी. ४१० आकड्यांचा तक्ता उतरवून घ्यायच्या सोयीनं. ३७२ गावांच्या यादीनं. ३३० फोटोंनी. १४० पानाच्या मूळ सांगाड्याचे.

माझी बायको सुनंदा मागं येऊन उभी राहिली.

"कोनत्या ले-आउटचा नकाशा पाहून राह्यले जी? अजून एक प्लॉट घ्याचा इचार हाये का?"

"गावच्या पानाचा नकाशा आहे हा."

तिनं सगळ्यात मोठ्या चौकोनावर बोट ठेवलं. "मंग ह्या एवढ्या मोठ्या प्लॉटवर कोन राहते?"

"आलेख काढणारं सामान."

"काढते का आलेख?"

"एक. महिन्याच्या शेवटी."

"अन् तुमचं घर कुठी हाये ह्याच्यात?"

मला शोधावं लागलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात, पिवळी पट्टी, नखाएवढी. २३८० मधले ३८. पाच दिवस खपून मी जे लिहिलं होतं ते शंभरात दोनही भरत नव्हतं.

सुनंदा म्हणाली, "मायबाई, हे तर किरायदारानं मालकाले बाहेर काढल्यासारखं झालं," आणि भाजी पाहायला निघून गेली. मी मात्र आनंदानं फुलून गेलो होतो. चूक सापडल्याचा आनंद हा प्रकार घरच्यांना समजावून सांगता येत नाही. तारखांचा चौकोन उघडून पाहिला. त्या सामानाला जगातल्या कुठल्या कुठल्या भाषांत तारीख लिहिता येत होती, कुठल्या बेटावर आत्ता किती वाजले ते सांगता येत होतं. मला फक्त 'आज' हवं होतं. हे सगळं मी कशाला आणलं होतं? लागेल म्हणून. कोणाला? कोणालाही. मला तेव्हाच अंगणातली उतरंड दिसायला लागली.

आणि इथं, इतकं लख्ख दिसत असताना, मी चूक केली.

गावांच्या यादीचा चौकोन मला फार बोचत होता. मी आहे हिशेबी माणूस. यादी अर्धवट नको म्हणून सबंध जिल्ह्यातली सगळी गावं, तालुक्यांसकट, त्यात घातली होती. त्यात रिठी गावंही होती. आमच्याकडे रिठी पुष्कळ. कधीकाळी तिथं वस्ती होती, मग पाण्यामुळं म्हणा, रोगराईमुळं म्हणा, माणसं उठून गेली. आता तिथं एकही घर नाही. मी म्हटलं, ज्या गावात माणूसच राहत नाही ते गाव पानावर कोण निवडणार? ही तर शुद्ध रिकामी मडकी! शुक्रवारी दुपारी मी एकूण एक रीठ यादीतून काढली. ३७२ चे २६१ झाले. एकशे अकरा किलोबाइट एका फटक्यात! चौकोन डोळ्यांदेखत आक्रसला. बाकीच्या सामानाला हात लावायचा तर पान बरंच नव्यानं लिहावं लागलं असतं, म्हणून तेवढंच करून मी पान चढवलं आणि शनिवारी सकाळी स्वतः गावी गेलो.

वावरात दव होतं. वहिनी सापळ्याजवळ उभी, डोक्याला रुमाल, कमरेला पदर खोचलेला, हातात फोन. मी घड्याळ लावलं. पान फिरत राहिलं. तीस सेकंद. पस्तीस. ताराबाई धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होत्या. एकोणचाळिसाव्या सेकंदाला पान उघडलं.

"झालं का बाळंतीन?" ताराबाईंनी विचारलं.

वहिनीनं यादी वर-खाली केली. पुन्हा केली. मग फोन माझ्यापुढं धरला. "भाऊजी, आपलं गाव कुठी गेलं?"

"हे काय, आहे ना."

"हे राहाचं गाव झालं. वावर तर रिठात हाये."

मी तिथं, माझ्याच बापाच्या वावरात, जोडे दवानं भिजलेले, उभा होतो. सातबाऱ्यावर त्या जागेचं गाव म्हणून रिठीचंच नाव आहे. लहानपणी मी सकाळ-संध्याकाळ "रिठात जाऊन येतो" म्हणूनच घरातून निघायचो. चौदातल्या अकरा बायांची वावरं तिथंच. माणसं उठून गेली होती, जमीन कुठं गेली होती?

"आज राहाचंच गाव टाका," मी म्हणालो.

"खोटं काऊन लिहू?" वहिनी म्हणाली. "उद्या दोन गावचे आकडे एकात मिसळले, मंग?"

माझ्यासारख्या माणसाला याहून मोठा फटका असू शकत नाही. ती बरोबर होती. ताराबाई उठल्या, लुगडं झटकलं. "शिकलेल्या मानसानं गावच गायब केलं गा. अळीले कर म्हना गायब." आणि बाया हसत हसत आपापल्या वावरात गेल्या. वहिनी मात्र हसली नाही. तिनं त्या दिवशीचे आकडे हाताच्या तळव्यावर पेननं लिहिले.

भावाच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलो. पुन्हा नकाशा काढला. आधी एका गोष्टीचा छडा लावायचा होता. निघण्याआधी वावरातच मी जुनं पानही दुसऱ्या पत्त्यावरून उघडून पाहिलं होतं, त्याला साडेएकोणचाळीस सेकंद लागले होते. एकशे अकरा किलोबाइट काढूनही फक्त अर्धा सेकंद का वाचला? वीसच्या वेगानं साडेपाच सेकंद वाचायला हवे होते. आकडा चुकत नाही, म्हणजे मी चुकीचा आकडा पाहत होतो.

आणि मग नकाशाच्या डाव्या कडेला एक बारीक पर्याय दिसला, जो गुरुवारी आनंदाच्या भरात मी पाहिलाच नव्हता. आकारमान मोकळं पाहायचं की दाबलेलं? कारण गठ्ठा फोनकडे जातो तो मोकळा जात नाही, दाबून जातो. जे पुन्हा पुन्हा तसंच येतं ते दाबताना एकदम बसतं. गावांच्या यादीत तेच जिल्ह्याचं नाव, तेच आठ तालुके, त्याच त्याच शब्दांची हजारो वेळा पुनरावृत्ती. ती मोकळी ३७२, पण दाबली की फक्त ४१. रिठी काढून मी वाचवले होते जेमतेम अकरा.

मी पर्याय बदलला. चौकोन हलले. आलेख आक्रसला, तारखा आक्रसल्या, गावं तर कोपऱ्यात गेली. आणि आधी पाचव्या नंबरवर असलेला फोटोंचा चौकोन होता तिथंच राहिला, जवळजवळ तेवढाच, आणि आता तोच सगळ्यात मोठा. एकूण दाबलेल्या ७७७ पैकी २४९. ते तीन फोटो माझ्या विशेष अभिमानाचे होते. गुलाबी बोंडअळीचं पाखरू समोरून, वरून आणि पंख मिटलेलं, बायांना ओळखता यावं म्हणून. वेगळे मागवावे लागू नयेत म्हणून मी ते अक्षरांत बदलून गठ्ठ्यातच शिवले होते. पण फोटो आधीच दाबलेला असतो. त्याला आणखी दाबता येत नाही.

मी मोठ्यानं हसलो असणार, कारण वहिनी आतून पोहे घेऊन बाहेर आली. "काय झालं भाऊजी?"

"सरकी सापडली," मी म्हणालो. तिला अर्थातच काही कळलं नाही. मी कापसाच्या ढिगावर उड्या मारत बसलो होतो, आणि पोती कोपऱ्यात तशीच होती. बाबांनी हे मला सातवीत सांगितलं होतं.

मी तिला फोटो दाखवले, हे काढू का म्हणून विचारलं. तिनं तिन्ही नीट पाहिले. "भाऊजी, पाखरू कसं दिसते ते आमाले दाखवता? पिशवीत तेच तर पडलेलं असते."

मग दुपारभर मी जे केलं त्याला काढणं म्हणण्यापेक्षा निवडणं म्हणावं, माय सुपात धान्य घेऊन बसायची तसं. फोटो गेले. आलेखाचं सामान गेलं. चौदा बायांसाठी चौदा उभ्या पट्ट्या काढायला मला वीस ओळी पुरल्या. तारखांचं सामान गेलं. आज काय तारीख आहे हे फोनला स्वतःलाच माहीत असतं, विचारलं की सांगतो. तक्ता उतरवून घ्यायची सोय माझ्यासाठी होती, म्हणजे माझं सामान चौदा जणींच्या डोक्यावर दिलेलं. ते मी माझ्या वेगळ्या पानावर नेलं. आणि सगळ्या रिठी परत आणल्या, एकही न गाळता. त्यांचे एक्केचाळीस किलोबाइट मी आनंदानं ठेवले. सांगाड्याचे दाबून पंचेचाळीस, गावांचे एक्केचाळीस, माझं स्वतःचं लिखाण आता थोडं वाढून, तेही दाबून, सोळा. एकशे दोन. मी बेरीज तीनदा केली. ७८८ पासून सुरुवात झाली होती.

पान चढवायला रेंज लागते, आणि ती गिरडच्या टेकडीवर येते. दिवस कलायच्या आत मोटरसायकल काढली. टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही अशा एका कडेला बसलो. लोबानचा वास येत होता. कोणी नवस फेडायला आलेलं कुटुंब पोराला पायऱ्या मोजायला लावत होतं. खाली पार क्षितिजापर्यंत कपाशी, हिरव्यावर पांढऱ्याची नुकती सुरुवात. मी बटण दाबलं. इतकं हलकं काही मी आजवर चढवलेलं नव्हतं. पायऱ्या मोजणारं पोर पुढच्या टप्प्यावर पोचायच्या आत काम झालं.

रविवारी सकाळी चौदाच्या चौदा बाया वहिनीच्या सापळ्याभोवती जमल्या होत्या. वहिनीचं तोंड घट्ट मिटलेलं. तिनं कोणाकडे न पाहता फोनवर बोट ठेवलं, आणि ताराबाईंनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन. चार. पाच. सा..."

"थांब वं!" वहिनी ओरडली. "उघडलं! रीठ हाये! माह्यं नाव हाये!"

माझ्या हिशेबानं पाच सेकंद व्हायला हवे होते. ताराबाई भरभर मोजतात, म्हणून सहावर गेलं. मग एकच गोंधळ झाला. जिची तिची फोन काढायची घाई. "मायं उघडलं", "मायंई", "थांब, ह्याले पासवर्ड लागते, तो पोरगी जाने". दोघी तर आकडे टाकायला आपापल्या वावराकडे चक्क पळत गेल्या, पन्नाशीच्या बाया, लुगड्याचा काष्टा सावरत. वहिनीनं आपले आकडे टाकले, तीन आणि दोन, आणि फोन पदरानं पुसला. घरी आल्यावर मला पोहे दुसऱ्यांदा वाढले.

दुपारी पिपरी मेघेला परतलो आणि जेवायच्या आधी पान उघडून पाहिलं. रविवारचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आकडे. एकही घर रिकामं नाही! मर्यादेच्या वर एकही नाही! सुनंदाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हे दोन जास्तीचे कोनते जी?"

तीस आकडे होते. जास्तीचे दोन सोमवारच्या तारखेचे. चार आणि दोन. नाव ताराबाईंचं.

मी वहिनीला फोन लावला. ती आधी हसत सुटली. "तिचंच हाये ते. ती उद्या माहेरी चालली. म्हणते, माह्या नावापुढं खाली जागा नको, म्हून आजच भरून टाकलं."

"पण वहिनी, ती पाखरं अजून यायची आहेत!"

"मी तेच म्हटलं. तर म्हणते, रोज का येगळे येते? तेच येते." मग वहिनी गंभीर झाली. "तिच्या सापळ्यावर मी जातो उद्या. फक्त मले तिच्या नावानं आकडा टाकता येईन असं करून द्या."

मी उद्याची तारीख बंद केली आणि शेजारणीचा आकडा टाकायची सोय केली. बावीस ओळी वाढल्या. लगेच वजन पाहिलं. एकशे तीन. चालेल.

सोमवारी सकाळी साडेसातला मी पानासमोर बसलो होतो. सात वाजून चाळीस मिनिटांनी ताराबाईंच्या नावापुढं, वहिनीच्या हातून, आकडे उमटले. चार आणि तीन. मी तो अंदाज आणि ही मोजणी शेजारी शेजारी मांडून पाहतोय तोच वहिनीचा फोन आला.

"पाहिलं का भाऊजी? एका पाखराचाच फरक."

"पाहिलं."

"ताराबाईले नका सांगजा बरं. नाई तर ती आता घरूनच मोजन."